गॅसकेट बदला, पण त्याला दिवाळीचा मुहूर्त नको

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४६, राहणार पुण्यात सहकारनगर, बँकेत नोकरी. २००६ मध्ये जुनी घेतलेली १९९८ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. मे महिन्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. थांबून पाणी घातलं आणि पुढे गेले. तेव्हापासून दर पंधरा-वीस दिवसांनी अर्धा लिटर पाणी घालावं लागतं, सकाळी पांढरा धूर येतो, इंजिनच्या एका बाजूला तेलाचा ओघळ दिसतो. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून "हेड पॅकिंग गेलं" (म्हणजे हेड गॅसकेट) म्हणून सांगितलं आणि चोवीस हजारांचा आकडा दिला. गाडी विकली तर पस्तीस-चाळीस हजार येतील. व्हिडिओ बघून यांनी ठरवलंय की दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच गॅसकेट बदलायचं. चौदा वर्षांचा मुलगाही त्यातून काही शिकेल. भाऊबीजेला त्याच गाडीने आईला वाईला मामाकडे न्यायचं आहे. सेक्रेटरींनी नाक मुरडलंय. पत्नी म्हणते, विकून टाक. प्रश्न असा, की हे आपल्याला जमेल का, की हा वेडेपणा आहे?

जमेल. वेडेपणा वगैरे काही नाही. बॉनेट उघडलं की जवळजवळ सगळीकडे हात पोचतो आणि हातातून सुटलेला बोल्ट सरळ जमिनीवर सापडतो, अशा गाड्या आता उरल्यात किती? तीन सिलिंडर, वर व्हॉल्व्ह उघडमिट करणारा एक दांडा (कॅमशाफ्ट), ७९६ सीसीचं एवढंसं इंजिन. आयुष्यातलं पहिलं हेड उतरवायचं असेल तर याहून गरीब इंजिन मिळायचं नाही.

पत्र वाचताना मी दोन ठिकाणी अडखळलो. गॅसकेट गेलंय हे तुम्ही धरूनच चाललात. आणि काम भाऊबीजेच्या आत संपेल हेही.

आधी पहिलं घेऊ. गॅरेजवाल्याने तपासलं काय? बॉनेट उघडून बघितलं, एवढंच तुम्ही लिहिलंय. हेड गॅसकेट म्हणजे इंजिनचा खालचा भाग (ब्लॉक) आणि त्यावरचं धातूचं झाकण (हेड) यांच्यातला सांधा बंद करणारी पातळ पट्टी. ती दोन धातूंच्या मध्ये दबून बसलेली असते, गेली की नाही ते वरून बघून कळत नाही. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही खुणांना दुसरी, स्वस्त कारणं असू शकतात.

तेलाचा ओघळ घ्या. टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडवरच्या झाकणाचं, पॅकिंग वयाने कडक होतं, तेल पाझरू लागतं आणि हेडवरून उतरून नेमकं हेड-ब्लॉकच्या सांध्यापाशी साचतं. बघणाऱ्याला वाटतं, सांधाच गळतोय. इंजिन थंड असताना ती बाजू रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसा, कोरडी करा आणि घरातली टाल्कम पावडर तिथे भुरभुरवा. दोन दिवस गाडी फिरवा. पांढऱ्या पावडरवर तेलाची काळी रेघ नेमकी कुठून सुरू होते ते दिसेल. सांध्याच्या वरून सुरू होत असेल तर शे-दोनशेच्या पॅकिंगवर तुम्ही चोवीस हजारांचं संकट ओढवून घेतलं होतं म्हणायचं.

पांढऱ्या धुराचंही तसंच. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, तीन-चार मिनिटांत थांबतं. गाडी पुरती तापल्यावरही धूर येत राहिला तर विचार करा. या धुराला गोडसर वास येतो असं सगळे सांगतात, पण तो वास कूलंटचा, म्हणजे रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी भरतात त्या द्रवाचा. तुम्ही मेपासून साधं पाणी घालताय, तेव्हा वासावर विसंबू नका. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ, सायीसारखा थर दिसला म्हणूनही लगेच घाबरू नका. पावसाळ्यात घर ते बँक एवढीच गाडी चालली तर ओलाव्यानेसुद्धा तसा थर धरतो. डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ झालं असेल, तर मात्र गाडी हलवू नका.

राहिलं पाणी. होज पाइपाच्या क्लिपा बघा, वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी पाण्याचे डाग आहेत का ते बघा, हीटर असेल तर डाव्या सीटपुढचं मॅट उचलून खाली ओल आहे का बघा. आणि रेडिएटरची कॅप. तिच्याकडे कुणी लक्षच देत नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कॅप दाब धरून ठेवते म्हणून रेडिएटरमधलं पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. कॅपचं रबर गेलं, स्प्रिंग सैल पडली, की पाणी गुपचूप उडून जातं. आधी ती नवीन टाका. कॅप काढायची ती गार इंजिनवरच, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. भाजलेले हात मी पाहिलेत.

एवढं करूनही पाणी जातच असेल तर सकाळी, रात्रभर थांबलेल्या इंजिनवर, कॅप काढून पाणी काठोकाठ भरा आणि कुणाला तरी गाडी सुरू करायला सांगा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे येतील, ते सोडून द्या. पण चहाला आधण यावं तसे एका लयीत बुडबुडे येत राहिले, रेस केल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. कॅप लावून सुरू केल्यावर, पाणी कोमट व्हायच्या आतच वरचा होज दगडासारखा टणक झाला तर त्याचाही अर्थ तोच. शिवाय गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकदम खाली असेल तर त्यांच्यामधलं गॅसकेट फुटलंय असं बहुतेक वेळा निघतं. काही गॅरेजांत निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडाशी धरतात, जळालेला गॅस असला की निळ्याचं पिवळं होतं. यातल्या दोन चाचण्या एकच सांगत असतील, तर मग पाने काढा.

आणि त्या बाटलीतल्या औषधाच्या नादी लागू नका. रेडिएटरमध्ये ओतलं की गळती बंद, असं म्हणून विकतात ते. ते गॅसकेटची फट बुजवो न बुजवो, रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र बुजवू शकतं.

गॅसकेट खरंच गेलेलं असेल, तर ते का गेलं? माझ्या मते हा प्रश्न 'कसं बदलू' याच्याही आधीचा आहे. जुन्या गाड्यांत ब्लॉक बहुधा बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापलं की ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. दोघांच्या या रोजच्या ओढाताणीत मध्ये सँडविच झालेलं गॅसकेट वर्षानुवर्षं टिकतं, पण इंजिन एकदा भलतंच तापलं की हेड वाकतं आणि गॅसकेट हार मानतं. तुमच्या बाबतीत ते खंबाटकीत झालं असावं. मग खंबाटकीत गाडी तापलीच का? पंखा वेळेवर लागतो का? वीस वर्षं बोअरचं, टँकरचं पाणी पिऊन रेडिएटर आतून क्षारांनी भरलाय का? थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, जागेवर आहे का, हेसुद्धा बघा. 'पाणी मोकळं फिरू दे' म्हणून तो काढून टाकायची आपल्याकडे जुनी खोड आहे. असला तर बाहेर काढून पाण्याच्या पातेल्यात दोरीने लटकवा आणि गॅसवर ठेवा. आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो, बहुधा ८२ किंवा ८८. तेवढ्याला तो हळूच तोंड उघडतो. उघडला नाही तर खंबाटकीचा गुन्हेगार सापडला. पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. ही सगळी कारणं तशीच ठेवून नुसतं गॅसकेट बदललंत तर पुढच्या मेमध्ये मला हेच पत्र परत लिहाल.

आता पैशाचं. 'चाळीस हजारांच्या गाडीवर चोवीस हजार' हा हिशेब सगळेच करतात. मला तो पटत नाही. गाडी विकून आलेल्या चाळीस हजारांत तुम्हाला दुसरी कुठली गाडी मिळणार आहे? दुसऱ्या कुणाचं तरी गेलेलं गॅसकेट. तुमची गाडी १९९८ची, म्हणजे १५ वर्षं २०१३ ला भरली आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. सगळं वेळेवर केलं असेल तर २०२३ ला फिटनेस, शुल्क आणि पर्यावरण कर भरून तुमच्याकडे २०२८ पर्यंतचं आरसी आहे. २०२२ पासून हे शुल्क बरंच वाढलंय, म्हणजे ही रक्कम लहान नाही. तेव्हा विचारायचं ते असं, की २०२८ पर्यंत ही गाडी घरात हवी आहे का? बॉडी सडलेली असेल, फ्लोअरला भोकं असतील, तर पुढच्या फिटनेसला अडकेल आणि इंजिनवर केलेला खर्च पाण्यात जाईल. हेडला हात लावण्याआधी मॅट उचलून फ्लोअर बघा. विकायची ठरवलीत, तर घेणाऱ्याला दोष सांगून विका.

घरी केलं तर स्वस्तात होईल, हेही निम्मंच खरं आहे. तुम्ही फक्त गॅसकेटची किंमत धरलीत. हेड उतरवलं की फुल पॅकिंग सेट लागतो, टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) नवीन, व्हॉल्व्हचे ऑइल सील, ऑइल, फिल्टर, कूलंट. हेड मशीन शॉपमध्ये देऊन प्रेशर टेस्ट आणि गरज असेल तर फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट करणं. ही पायरी गाळायची नाही. हेडचा तळ सपाट आहे का ते डोळ्यांनी कळत नाही. अशा छोट्या हेडला साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही, वहीचा कागदसुद्धा त्याहून जाड असतो. कंपासपेटीतल्या पट्टीचं ते काम नाही. शिवाय टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानेच आवळता येतो असा पाना. एवढं करूनही मजुरी वाचेल, पण चोवीस हजारांतले बावीस वाचतील हे मनातून काढून टाका. आणि गॅरेजवाल्याला विचाराच, की चोवीसमध्ये फेसिंग आणि बेल्ट धरलाय का. धरला असेल तर तो आकडा तुम्हाला वाटतो तितका चढा नाही.

आता दिवाळी.

लक्ष्मीपूजनाला हेड उतरवलंत. त्यात बाक निघाला. आता ते न्यायचं कुठे? मशीन शॉपचे कारागीर गावी. नाना पेठेत पॅकिंग सेट घ्यायला जाल तर बहुतेक शटर खाली. पाडव्याला गाडी पार्किंगमध्ये अर्धी उघडी, बोल्ट परातीत, तुम्ही काळ्या हातांनी दारात आणि घरात पाहुणे. खरी भीती तर पुढेच आहे. कार्ब्युरेटरची गाडी आहे, पेट्रोलचा पाइप काढल्यावर थोडं तरी पेट्रोल सांडतंच. त्याच पार्किंगमध्ये सोसायटीची पोरं फुलबाज्या आणि भुईनळे लावणार. सेक्रेटरींनी नाक मुरडलं ते शिष्टपणाने नसेलही.

त्याहून वाईट म्हणजे तारीख. भाऊबीजेला वाई गाठायची म्हटल्यावर रात्री अकराला टॉर्चच्या उजेडात घाई होते आणि हेडच्या कामात घाई नेमकी सांध्यात जाऊन बसते. फेसिंग पुढच्या वेळी करू, बेल्ट बराच दिसतोय, एवढं चालतं. असं म्हणून बसवलेलं हेड घेऊन तुम्ही आईला बसवून परत खंबाटकी चढणार, तोच चढ, तीच गाडी. भाऊबीजेला स्वारगेटहून एसटीने जा. वाईच्या गाड्या आहेत.

काम तुळशीच्या लग्नानंतर काढा. दोन शनिवार-रविवार आणि मधला आठवडा मशीन शॉपला. सेक्रेटरींना दोन ओळी लिहून द्या: अमुक दोन शनिवार-रविवार, खाली ताडपत्री, तेल-पाणी ट्रेमध्ये, गटारात थेंब नाही. हे शेवटचं मनापासून लिहा. कूलंट गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. तुम्ही साधं पाणी वापरताय म्हणून आत्ता धोका कमी, नवीन भराल तेव्हा लक्षात ठेवा.

कामाची प्रत्येक पायरी मी इथे लिहीत बसत नाही, त्यासाठी गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हवं. ते मिळाल्याशिवाय सुरू करू नका, बोल्ट किती आवळायचे तो आकडा व्हिडिओवाल्याच्या तोंडून घेऊ नका. पण जिथे लोक चुकतात, त्या जागा सांगतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढूनच सुरुवात करा. बेल्ट उतरवण्याआधी टायमिंगच्या खुणा जुळवून घ्या, फोटो काढा आणि रंगाचा ठिपकाही द्या. हेडचे बोल्ट सोडायचे ते पूर्ण गार इंजिनवर, कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे. आवळताना उलट, मध्यातून कडेला, निदान तीन फेऱ्यांत. तळ साफ करताना पॉलिश पेपर घासत बसू नका, त्याची पूड तेलात जाऊन बेअरिंग खाते. प्लॅस्टिकचा स्क्रेपर घ्या, लागेल तेवढा वेळ लागू द्या. बोल्टांच्या भोकांत तेल किंवा पाणी साचलेलं राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. कापडाची वात करून प्रत्येक भोक कोरडं करा आणि वाती मोजून बाहेर काढा. गॅसकेटला वरची बाजू असते, ती बघा. मॅन्युअल सांगत नसेल तर त्याला कसलंही सोल्युशन फासू नका. सगळं बसल्यावर स्टार्टर मारण्याआधी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर थांबा, जोर लावू नका. खुणा परत जुळल्या की मग किल्ली. शे-दोनशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदला.

ज्यांची गाडी दुसरी आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. बऱ्याच नव्या इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, आवळताना ते ताणले जातात. आणि अनेक डिझेल गाड्यांत गॅसकेट वेगवेगळ्या जाडीची येतात, काठावरच्या खाचा मोजून तेच घ्यावं लागतं. अशा गाडीवर पहिलाच प्रयोग करू नका.

हे सगळं वाचून छाती दडपली असेल तर मधली वाटही आहे. सुट्टीच्या दिवशी घरी येऊन दिवसाच्या मजुरीवर काम करणारा एखादा जुना मारुतीवाला मिस्त्री शोधा, त्याच्या हाताखाली काम करा. पैसे थोडे जास्त जातील, पण इंजिन ओळखणारा जाणता कान जवळ असेल. मी पहिलं हेड असंच उतरवलं, वाड्याच्या चौकात, काकांच्या फियाटचं. एका रविवारचं म्हणून काढलेलं काम तीन रविवार चाललं. सगळं बसवून झाल्यावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर एक वॉशर उरला. मिस्त्रींनी तो उचलला, उलटसुलट बघितला, खिशात टाकला आणि म्हणाले, "चालू करा." गाडी पुढे सहा वर्षं चालली. तो वॉशर कशाचा होता, हे मला अजून ठाऊक नाही.

मुलाबद्दल. तो शिकेल, पण त्याला विचारलंत का? चौदा वर्षांचं पोर दोन दिवस पार्किंगमध्ये टॉर्च धरून उभं राहणार नाही आणि राहिलं तर शिव्या देईल. त्याला एक पूर्ण काम द्या. काढलेला प्रत्येक बोल्ट कुठला, त्याचा फोटो, प्लॅस्टिकच्या पिशवीवर नाव. दीड तासात कंटाळला तर जाऊ द्या. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून त्यात बोल्ट त्याच जागी खोचून ठेवायची जुनी युक्ती मात्र त्याला दाखवाच.

आणि तुमच्या चार पानी पत्रात पत्नीला एकच ओळ आहे: 'विकून टाक म्हणते.' का म्हणते, ते नाही. दरवर्षी दिवाळीत घर एकटीने ओढायचा तिला कंटाळा आला असेल. खंबाटकीत भर उन्हात, वाफेच्या ढगाशेजारी ती उभी असेल, तर ते तिच्या डोळ्यांपुढून गेलं नसेल. की खरंच गाडी नको असेल? तिन्ही कारणांची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्यावर दिवाळीनंतरची तारीख हे उत्तर आहे, दुसऱ्यावर बुडबुड्यांची चाचणी, तिसऱ्यावर मी काही बोलू शकत नाही.

चाचणीला तसंही दुसरं माणूस लागतंच. येत्या रविवारी सकाळी, चहाच्या आधी, पत्नीलाच किल्ली फिरवायला बसवा. तुम्ही रेडिएटरपाशी उभे राहा, आणि बुडबुडे दिसले तर तिलाही उतरून बघायला सांगा.